दिसत नाही म्हणणाऱ्याला काय काय दिसतं? ब्लाइंडसाइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदू आणि दृष्टी या विषयावर कुठेही बोलणं निघालं, की ब्लाइंडसाइटवर प्रश्नांची सरबत्ती होते. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं तर गैरसमजच जास्त होतात.

ब्लाइंडसाइट म्हणजे नेमकं काय?

डोळे धडधाकट आहेत, पण मेंदूच्या मागच्या टोकाला असलेला व्हिज्युअल कॉर्टेक्सचा पहिला भाग (शास्त्रज्ञ त्याला व्ही-वन म्हणतात) निकामी झाला आहे, अशा माणसाला समोरच्या दृश्याचा काही भाग दिसत नाही. त्या भागात दिवा लावला तर तो प्रामाणिकपणे सांगतो, "मला काही दिसलं नाही." पण "दिसलं नाही ते ठीक, दिवा कुठे होता ते नुसतं अंदाजाने दाखवा," असं म्हटलं, तर त्याचं बोट बहुतेक वेळा बरोबर जागी जातं. रेघ उभी होती की आडवी, ठिपका वर गेला की खाली, हेही तो योगायोगाने जमेल त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगतो. आपण बरोबर सांगतो आहोत, याचा मात्र त्याला पत्ता नसतो. याला ब्लाइंडसाइट म्हणतात. मराठीत काही जण अंधदृष्टी म्हणतात.

हे कुणी शोधून काढलं?

नाव घ्यायचं तर लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ यांचं घ्यावं लागतं. जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. कारकीर्द मात्र जवळजवळ सगळी इंग्लंडमध्ये, आधी केंब्रिज आणि १९६७ पासून ऑक्सफर्ड. तिथल्या प्रायोगिक मानसशास्त्र विभागाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. 'ब्लाइंडसाइट' हा शब्द त्यांच्या गटाने १९७४ मध्ये रूढ केला.

पण पहिली चाहूल त्यांना लागली असं नाही. रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार गेलेल्या सैनिकांच्या जखमा मोजून तात्सुजी इनोउये या जपानी डॉक्टरने व्हिज्युअल कॉर्टेक्सचा नकाशा मांडला, तो १९०९ मध्ये. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज रिडॉक यांनी अशाच जखमी सैनिकांना तपासलं. आंधळ्या भागात ठेवलेली स्थिर वस्तू त्यांना दिसत नव्हती, पण तीच हलवली की काहीतरी हललं एवढं कळत होतं. रिडॉक यांनी हे १९१७ मध्ये छापलं. त्यांचे समकालीन गॉर्डन होम्स यांना ते पटलं नाही, आणि होम्स यांचा दबदबा मोठा होता.

१९७३ मध्ये अमेरिकेत पॉपेल, हेल्ड आणि फ्रॉस्ट यांनी अशाच रुग्णांना, दिवा जिथे लुकलुकला असेल तिकडे नजर वळवायला सांगितलं. जे दिसलंच नाही तिकडे बघायचं कसं, असा रुग्णांचा रास्त सवाल होता. तरीही त्यांच्या नजरेचा कल थोडासा का होईना, दिव्याच्या जागेप्रमाणे बदलत होता.

माझ्या मते वाइसक्रान्ट्झ यांचं खरं योगदान शोधापेक्षा विचारण्याच्या पद्धतीत आहे. नेत्रतज्ज्ञ पिढ्यान्‌पिढ्या एकच विचारत आले होते: "दिसतंय का?" रुग्ण नाही म्हणाला की कागदावर तो भाग काळा रंगवायचा आणि पुढच्या रुग्णाला बोलवायचं. माकडांवर काम केलेल्या माणसाला ही चैन परवडत नाही. माकडाला "दिसतंय का?" विचारता येत नाही, त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवून ते कुठला उचलतं हेच बघावं लागतं. माकडांसाठीची तीच रीत वाइसक्रान्ट्झ यांनी माणसांना लावली. पुढचं सगळं त्यातून आलं.

डी. बी. हा रुग्ण कोण होता?

वैद्यकीय नियमाप्रमाणे फक्त आद्याक्षरं प्रसिद्ध आहेत. चौदाव्या वर्षापासून त्यांना भयंकर अर्धशिशी व्हायची. डोकं उठण्याआधी डाव्या बाजूला प्रकाशाचा एक लंबगोल चमकायचा. उजव्या बाजूच्या मागच्या मेंदूत जन्मजात रक्तवाहिन्यांची एक गुंतवळ होती आणि सगळा त्रास तिच्यामुळे होता. १९७३ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करून ती काढली. तिच्याबरोबर उजव्या बाजूचा व्ही-वनचा बराचसा भागही गेला. अर्धशिशी थांबली, पण दोन्ही डोळ्यांची डावीकडची दृष्टी गेली.

नंतर तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की डावीकडे, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला, कुणी हात पुढे केला तर डी. बी. तो बऱ्यापैकी अचूक पकडतात. हे विचित्र होतं. एलिझाबेथ वॉरिंग्टन, वाइसक्रान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी मग रीतसर चाचण्या सुरू केल्या.

चाचणी अगदी साधी. डी. बीं.नी समोरच्या एका खुणेवर नजर रोखायची, इकडेतिकडे बघायचं नाही. आंधळ्या भागात क्षणभर प्रकाशाचा ठिपका येणार. तो गेला की बोटाने जागा दाखवायची. ठिपका पुरेसा मोठा असला, की बोट आश्चर्य वाटावं इतकं जवळ जायचं. मग रेघा: उभी की तिरपी? मग अक्षरं: 'एक्स' की 'ओ'? आकार मोठा ठेवला की उत्तरं बरोबर येत होती, लहान केला की बिघडत होती. या फरकालाही अर्थ आहे. उत्तरं नुसत्या नशिबाने बरोबर येत असती, तर आकाराने त्यांना काय फरक पडला असता?

निकाल दाखवले तेव्हा डी. बी. पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, की आपण फक्त अंदाज करत होतो. त्यांच्याच हाताचं चित्रीकरण त्यांना दाखवलं, तर ते थक्क झाले.

त्यांना डावीकडे काळोख दिसायचा का?

नाही. हा सर्रास होणारा गैरसमज आहे. आत्ता तुमच्या डोक्यामागे काय दिसतंय? काळं नाही, पांढरं नाही, काहीच नाही. साधारण तसं. म्हणूनच असे कित्येक रुग्ण आपली अर्धी दृष्टी गेली आहे हे आठवडेच्या आठवडे ओळखत नाहीत. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, ताटातल्या एका बाजूचा भात तसाच राहतो, आणि माणूस म्हणतो, "चष्म्याचा नंबर बदलला असेल."

व्ही-वनच गेला तर माहिती पोचते कुठल्या रस्त्याने?

डोळ्यातून निघणाऱ्या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. त्यातले बहुतेक थॅलॅमस या मेंदूच्या मधोमध असलेल्या भागातल्या एका थांब्यावर जातात आणि तिथून व्ही-वनला. हा हमरस्ता. पण डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूकडे आणखी अनेक वाटा निघतात. एक वाट मध्यमेंदूतल्या सुपीरिअर कॉलिक्युलस नावाच्या छोट्या उंचवट्याकडे जाते. बेडूक आणि मासे यांच्यात बघण्याचा मोठा कारभार याच भागाकडे असतो. आपल्यात तो मुख्यतः नजर पटकन वळवण्याचं काम बघतो. तिथून पुढे माहिती गती ओळखणाऱ्या भागांकडे जाऊ शकते, मध्ये व्ही-वन न लागता.

बरीच वर्षं सगळं श्रेय कॉलिक्युलसलाच दिलं जायचं. २०१० मध्ये माकडांवरच्या एका प्रयोगात वेगळंच दिसलं. थॅलॅमसचा तो थांबा तात्पुरता बंद केला की ब्लाइंडसाइटही बंद पडत होती. म्हणजे त्या थांब्यावरून व्ही-वन टाळून थेट गतीच्या भागाकडे जाणारे थोडे तंतूही महत्त्वाचे आहेत. माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही त्याला दुजोरा मिळाला. बहुधा एकच वाट नाही, आणि प्रत्येक रुग्णात शाबूत राहिलेल्या वाटाही सारख्या नाहीत. 'ब्लाइंडसाइट कुठून होते?' या प्रश्नाला एकवचनी उत्तर शोधणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

हेलन नावाच्या माकडिणीबद्दल वाचलं होतं. ती गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. केंब्रिजमध्ये वाइसक्रान्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत हेलनचा व्ही-वन काढला होता. त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी निकोलस हम्फ्री तिच्याबरोबर बसायला लागले. सगळ्यांच्या लेखी ती आंधळी होती. हम्फ्री तिच्याशी खेळायचे, तिला खाऊ दाखवायचे, पुढे तर पट्टा बांधून बाहेर मोकळ्या हवेत फिरायला न्यायचे. हळूहळू ती बघू लागली. सात वर्षांच्या अखेरीस ती अडथळ्यांनी भरलेल्या खोलीत कुठेही न धडकता फिरायची आणि जमिनीवर विखुरलेले बेदाणे वेचून खायची. वस्तू ओळखणं मात्र तिला कधी जमलं नाही. कुठे आहे ते कळायचं, काय आहे ते नाही.

आणखी एक गोष्ट हम्फ्रींनी नोंदवली आहे. ती घाबरली किंवा अस्वस्थ झाली, की पुन्हा आंधळ्यासारखी चाचपडायची.

अशा प्रयोगांच्या नैतिकतेबद्दलही हमखास विचारणा होते. आज असा प्रयोग मंजूर होणं फार अवघड आहे, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. पण हेलनशिवाय डी. बीं.ना तो प्रश्न कुणी विचारला नसता, हेही तितकंच खरं.

रुग्ण खोटं बोलत असेल, किंवा थोडं दिसत असूनही 'नाही' म्हणत असेल तर?

हा सगळ्यात कसदार आक्षेप आहे, आणि शास्त्रज्ञांमध्येच त्यावर पन्नास वर्षं भांडण चालू आहे. १९८३ मध्ये कॅम्पियन, लॅटो आणि स्मिथ यांनी तीन शंका एकत्र मांडल्या.

पहिली: प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो. आंधळ्या भागात टाकलेल्या दिव्याचा उजेड डोळस भागावर सांडत असेल आणि रुग्ण त्यावरून ओळखत असेल. यावर वाइसक्रान्ट्झ यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात, नस जिथून बाहेर पडते तिथे, एक जन्मजात अंधबिंदू असतो. तिथे प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशीच नसतात. डी. बीं.च्या आंधळ्या भागात येणाऱ्या अंधबिंदूवर दिवा टाकला, तर त्यांना अंदाज करता येईना. तोच दिवा शेजारी, आंधळ्याच पण पेशी असलेल्या भागावर टाकला, तर येत होता. सांडलेल्या उजेडाची करामत असती तर दोन्हीकडे सारखंच जमलं असतं.

दुसरी: व्ही-वनचे काही तुकडे शिल्लक असतील. ही शंका काही रुग्णांच्या बाबतीत खरी निघाली. १९९२ मध्ये गझानिगा यांच्या गटाने एका रुग्णाच्या आंधळ्या भागाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्याला फक्त एका छोट्या बेटावरच अंदाज जमत होता, बाकी सगळीकडे शून्य. म्हणून सगळ्यांचा व्ही-वन पूर्ण गेलेला असतो असं धरून चालता येत नाही. माकडांमध्ये मात्र तो काळजीपूर्वक पूर्ण काढून पाहिला आहे, आणि तिथेही ब्लाइंडसाइट राहते.

तिसरी शंका पिच्छा सोडत नाही. "दिसलं" म्हणायला प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. अंधुक, धूसर, न सांगता येण्यासारखं काहीतरी जाणवलं, तर एखादा 'हो' म्हणेल, दुसरा 'नाही'. डी. बी. स्वतःही कधीकधी म्हणायचे, की 'एक्स' असला की काहीतरी खरखरीत वाटतं आणि 'ओ' असला की गुळगुळीत, पण दिसत काही नाही. याला काय म्हणायचं? पुढे वाइसक्रान्ट्झ यांनी दोन प्रकार केले: काहीच जाणवत नाही तो पहिला, 'काहीतरी झालं' एवढं जाणवतं तो दुसरा. तत्त्वज्ञ इयन फिलिप्स यांनी २०२१ मध्ये सरळच मांडलं, की ब्लाइंडसाइट म्हणजे जाणीव असलेली, पण अतिशय खालावलेली दृष्टी. या मांडणीला उत्तरं देणारेही आहेत. हा वाद मिटलेला नाही.

एक हुशार प्रयत्न २००७ मध्ये झाला. जी. वाय. हा दुसरा प्रसिद्ध रुग्ण, आठव्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात उजवीकडची दृष्टी गेलेला. त्याला "दिसलं का?" असं विचारण्याऐवजी प्रत्येक उत्तरावर पैज लावायला सांगितलं: मोठी की छोटी? पैसे मिळणार असतील तर माणूस उगाच 'नाही' म्हणणार नाही. आंधळ्या बाजूला तो सुमारे ७० टक्के वेळा बरोबर होता, पण त्या बरोबर उत्तरांपैकी साधारण निम्म्या वेळीच त्याने मोठी पैज लावली. हातात आलेला पैसा त्याने सोडला. यातून तो खोटं बोलत नव्हता, एवढं नक्की. त्याच्या आत काय चाललं होतं याबद्दल मात्र फारसं काही सांगता येत नाही.

माकडाला 'मला दिसलं नाही' कसं सांगता येईल?

या क्षेत्रातला मला सगळ्यात देखणा वाटणारा प्रयोग हाच. ॲलन काउई आणि पेट्रा श्टोरिग यांनी तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. व्ही-वन एका बाजूने काढलेली माकडं आंधळ्या बाजूचा ठिपका बोटाने बरोबर दाखवतात, हे आधीच माहीत होतं. पण त्यांना तो दिसतो म्हणून दाखवतात, की डी. बीं.सारखा अंदाज करतात?

त्यांनी माकडांना नवा खेळ शिकवला. पडद्यावर ठिपका आला तर त्याला हात लावायचा. काहीच आलं नाही, तर ठरलेला एक चौकोन दाबायचा, म्हणजे 'या वेळी कोरं होतं' असं सांगायचं. डोळस बाजूला माकडं हे चोख करायला लागली. मग ठिपका आंधळ्या बाजूला टाकला. जो ठिपका पहिल्या खेळात ती अचूक दाखवत होती, त्याच ठिपक्याला आता त्यांनी 'कोरं' असं उत्तर दिलं.

आंधळा माणूस अडथळे चुकवत चालत गेल्याचं चित्रीकरण आहे म्हणतात. ते काय आहे?

ते टी. एन. पेशाने डॉक्टर. काही आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दोन पक्षाघातांनी त्यांचा दोन्ही बाजूंचा व्ही-वन निकामी झाला, त्यामुळे ते पूर्ण आंधळे झाले आणि पांढरी काठी घेऊन फिरायचे. बिअट्रिस द गेल्डर यांच्या गटाने त्यांना काठीशिवाय एका लांब बोळातून चालायला सांगितलं. बोळात खोकी आणि इतर सामान आडवंतिडवं ठेवलं होतं. ते एकेका वस्तूला वळसा घालत, एका ठिकाणी तर भिंतीला जवळजवळ घासून, पलीकडे पोचले. आपण काही चुकवत आलो हे त्यांच्या गावीही नव्हतं. पडले तर सावरायला त्यांच्या मागून एक वयस्कर गृहस्थ चालताना दिसतात, ते खुद्द वाइसक्रान्ट्झ, तेव्हा ऐंशी ओलांडलेले. निबंध २००८ चा आहे. टी. एन. यांच्यावरच आधी झालेल्या प्रयोगात चेहरा रागावलेला की हसरा, हेही त्यांनी अंदाजाने बऱ्यापैकी ओळखलं होतं.

डी. एफ. नावाच्या बाईंचं प्रकरण तेच का?

नाही, जवळपास उलट. १९८८ मध्ये इटलीत, स्नानगृहातल्या गॅस हीटरमुळे कोंडलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांच्या मेंदूला इजा झाली. (आपल्याकडेही बंद मोरीतल्या गॅस गिझरने दर हिवाळ्यात माणसं दगावतात. खिडकी उघडी ठेवा.) त्यांना प्रकाश, रंग, पोत दिसायचे, पण आकार कळायचा नाही. समोरची फट उभी आहे की आडवी हे त्यांना हातातल्या पत्त्याने दाखवता येत नव्हतं. पण "पत्ता फटीत टाका" म्हटलं, की मनगट वाटेतच बरोबर वळायचं आणि पत्ता आत जायचा. यावरून मिल्नर आणि गुडेल यांनी १९९२ मध्ये मांडणी केली, की ओळखण्यासाठीचं बघणं आणि हाताला दिशा देण्यासाठीचं बघणं मेंदूत वेगवेगळ्या मार्गांनी चालतं. तपशिलांवर पुढे बरेच आक्षेप आले, गाभा टिकून आहे.

दिसत नसताना 'दिसतंय' म्हणणारेही असतात का?

असतात. त्याला ॲन्टन सिंड्रोम म्हणतात. मेंदूच्या इजेने पूर्ण आंधळा झालेला माणूस ठामपणे सांगतो की मला दिसतंय, तुमच्या शर्टाचा रंगही सांगतो (चुकीचा), आणि भिंतीवर आपटला की खोलीतल्या अंधाराला दोष देतो. तो खोटं बोलत नसतो.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ने हेच करतात का?

नाही. मध्यमेंदूचं नाव आलं, की जाहिरातवाले ब्लाइंडसाइटचा दाखला देतात, म्हणून जरा स्पष्टच सांगतो. ब्लाइंडसाइटमध्ये डोळे उघडे असतात आणि प्रकाश आत जातो. डी. बीं.च्या डोळ्यांवर पट्टी बांधली असती तर त्यांना काहीच जमलं नसतं. शिवाय ब्लाइंडसाइटने पुस्तक वाचता येत नाही. मोठा ठिपका, ठळक रेघ, हालचाल, यापलीकडे तिची मजल फार जात नाही. त्या मुलांना नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून दिसतं. विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे अनेकदा जाहीरपणे दाखवून दिलं आहे. ती फट नीट बुजवा, की वाचन थांबतं. हजारो रुपये फी भरण्याआधी एवढी परीक्षा पालकांनीच घ्यावी.

जन्मांध मुलाला शस्त्रक्रियेनंतर दिसायला लागतं, तेव्हाही असंच होतं का?

तो वेगळा विषय आहे. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने उत्तर भारतातल्या, जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उपचार करून त्यांची दृष्टी कशी घडत जाते हे अभ्यासण्याचं मोठं काम केलं. तिथे मेंदू शाबूत असतो, पण त्याला बघण्याचा सराव नसतो. ब्लाइंडसाइटमध्ये सराव असतो, मेंदूचा तुकडा नसतो.

मग जाणीवेचं कोडं सुटलं का?

नाही, पण ते नेमकं कुठे अडलंय हे दिसलं. पूर्वी सोयीने मानलं जायचं की मेंदूने माहितीवर पुरेशी प्रक्रिया केली की जाणीव आपोआप येते. ब्लाइंडसाइटमध्ये प्रक्रिया होते, तिचा वर्तनात उपयोग होतो, आणि तरी जाणीव येत नाही. लक्ष देणं आणि जाणीव असणं या गोष्टीही वेगळ्या निघाल्या: जी. वाय.च्या आंधळ्या बाजूला, त्याला न दिसणारी खूण दाखवली, की त्या जागेवर नंतर येणाऱ्या ठिपक्याला तो लवकर प्रतिसाद द्यायचा. लक्ष गेलं, पण कशाकडे गेलं ते कळलं नाही.

वाइसक्रान्ट्झ यांचं स्वतःचं मत असं होतं, की आपण जे करतो आहोत त्यावर मनातल्या मनात भाष्य करण्याची क्षमता म्हणजेच जाणीव. त्यांनी प्रयोगातही तशी सोय केली होती: एक बटण उत्तरासाठी, दुसरं 'मला काही जाणवलं का' या टिप्पणीसाठी. पुष्कळांना हे अपुरं वाटतं. भाष्य थांबलं म्हणून दातदुखी थांबते का? मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहेन यांच्या मते माहिती मेंदूभर प्रसारित झाली की जाणीव होते. व्हिक्टर लामे यांच्या मते पुढच्या भागांकडून व्ही-वनकडे उलट निरोप परतले की होते. ब्लाइंडसाइट दोघांनाही आपापल्या बाजूची वाटते, हे त्यातलं गमतीचं.

१९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की २५ वर्षांत जाणीवेची मेंदूतली खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइन दिली. दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांना समोरासमोर आणणारा मोठा प्रयोग २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. दोन्ही सिद्धांतांची काही भाकितं चुकली.

डी. बीं.चं पुढे काय झालं?

त्यांच्यावर दशकानुदशकं प्रयोग होत राहिले. वर्षं सरली तसा आंधळा भाग थोडा आक्रसला. २००२ मध्ये एक अजब निरीक्षण छापलं गेलं. आंधळ्या भागात चित्र दाखवत असताना त्यांना काही दिसायचं नाही, पण ते बंद केलं, की त्याची प्रतिमा रेंगाळायची, आणि ती त्यांना दिसायची. तेजस्वी बल्बकडे बघून नजर वळवली की आपल्याला डाग दिसतो, त्याच जातीची ती प्रतिमा. चित्र दिसत नाही, पण चित्राचा मागे राहिलेला ठसा दिसतो, याचं समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात नाही.

वडिलांना पक्षाघातानंतर 'डाव्या डोळ्याने दिसत नाही'. हे तेच असेल का?

आधी एक सोपी गोष्ट बघा. एकेक डोळा झाकून विचारा. उजव्या डोळ्यानेही डावीकडचं दिसत नसेल, तर दोष डोळ्यात नाही, उजव्या बाजूच्या मेंदूत आहे. याला हेमिअ‍ॅनोपिया म्हणतात आणि मागच्या मेंदूच्या पक्षाघातात तो वारंवार आढळतो. 'डावा डोळा गेला' असंच बहुतेक जण सांगतात, त्यामुळे घरचे आधी चष्म्याच्या दुकानात जातात. नेत्रतज्ज्ञांकडे फील्ड टेस्ट (नजरेच्या कुठल्या भागात दिसतं, कुठल्या नाही याची चाचणी) आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे स्कॅन, असं दोन्ही करून घ्या.

हे अचानक, आत्ता झालं असेल, तर फील्ड टेस्टच्या नादी लागू नका. पक्षाघात समजून थेट मोठ्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

ब्लाइंडसाइट सगळ्या रुग्णांत सापडत नाही. सापडली तरी रोजच्या जगण्यात तिचा उपयोग मर्यादित असतो.

व्यायामाने दृष्टी परत येते का?

आपोआप होणारी सुधारणा मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होते. सहा महिन्यांनंतर फारशी अपेक्षा धरत नाहीत. आंधळ्या भागावर महिनोन्‌महिने ठिपके आणि रेघा दाखवून संवेदना वाढवण्याचे प्रयोग रॉचेस्टरला क्रिस्टेल हक्स्लिन आणि ॲबर्डीनला अराश सहराई यांनी केले. काही रुग्णांत काही प्रमाणात फरक पडला. चिकाटी भयंकर लागते. आज सगळ्यात उपयोगी ठरतं ते साधं शिक्षण: आंधळ्या बाजूला मुद्दाम, सवयीने, मोठी नजर फिरवणं. वाचताना ओळ सापडत नसेल तर डाव्या कडेला रंगीत पट्टी ठेवा. जेवताना ताट फिरवून घ्या. घरच्यांनी बोलायला दिसणाऱ्या बाजूने जावं.

ब्लाइंडसाइट असेल तर गाडी चालवता येईल का?

नाही. प्रयोगशाळेत कुणीतरी सांगतं, की आता ठिपका येणार आहे, डावीकडे की उजवीकडे तेवढं सांगा. रस्त्यावर डाव्या बाजूने रिक्षा घुसते तेव्हा असं विचारायला कुणी नसतं. टी. एन. यांच्या मागेही एक माणूस चालत होताच. फील्ड टेस्टचा अहवाल डॉक्टरांना दाखवून त्यांनी लेखी परवानगी देईपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे ठेवा, दुचाकीचीसुद्धा.